खुंटीवरचं लुगडं

पाटलीणबाई अकरा वर्षं झोपली नव्हती, आणि उत्पला तांडेलचा जीव खालीवर होत होता तो नेमका त्याच कारणानं.

पाटलीणबाई म्हणजे घागर वस्तीचा मुख्य संगणक. आणि घागर वस्ती म्हणजे चंद्राच्या दक्षिण टोकाला, जिथं जन्मात कधी ऊन पोचलं नाही अशा खळग्यातल्या बर्फावर जगणारी माणसांची वसाहत. कागदोपत्री त्या संगणकाचं नाव एवढं लांब होतं की ते म्हणता म्हणता चहा गार व्हायचा. पण हवा ती फिरवायची, बर्फ ती वितळवायची, दारं ती उघडायची, दिवे ती लावायची, आणि कुणी नळ उघडा सोडला तर सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं नाव घेऊन बोलायचीही तीच. अशा बाईला पाटलीण नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

उत्पला तिची प्रणालीप्रमुख. आधीचे प्रमुख गोठणकर पृथ्वीवर परत गेले आणि त्यांच्या जागी ही आली. आल्यापासून हिला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यात गेल्या आठवड्यापासून पाटलीणबाईच्या एका स्मृतिपाटीचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला होता. स्मृतिपाटी म्हणजे बाईला चालू कामाची आठवण ठेवायला दिलेली पाटी. ती गेली की बाईला कळणार नाही आपण स्वयंपाकघरात कशाला आलो ते. मग ती पडणार.

त्या सकाळी उत्पलानं यंत्राच्या खोलीत जाऊन दिवा बघितला. पिवळा. वस्तीला एक फेरी मारली, परत येऊन बघितला. पिवळाच. मग ती शेवाळघरात गेली.

शेवाळघरात छतापर्यंत काचेच्या नळ्या होत्या आणि नळ्यांत हिरवंगार पाणी खळखळत होतं. सगळी वस्ती श्वास घ्यायची तो प्राणवायू इथं तयार व्हायचा. वास मात्र असा की नवीन माणूस दारातूनच परत फिरायचा. उत्पला हर्णैची, बापाची मासेमारीची होडी. तिला त्या वासानं घरी गेल्यासारखं वाटायचं. आणि शेवाळघराची मालकीण, मिरजेची रेहाना मुजावर, तिची जीवाभावाची मैत्रीण होती.

"आलीस? बस," रेहाना म्हणाली. "नको, राहू दे. तू बसलीस की पाय हलवतेस, आणि माझ्या नळ्या थरथरतात."

"पिवळा आहे अजून."

"नवी पाटी आहे ना तुझ्याकडं?"

"कपाटात आहे. पण ती बसवायची तर बाईला बंद करायला लागेल."

"मग कर की बंद."

"बंद कुणीही करेल गं. उठेल कशी, ते सांग."

रेहानानं हातातली जाळी खाली ठेवली. "म्हणजे?"

"संगणक एकदम नाही उठत. पायऱ्यापायऱ्यांनी उठतो. कुठल्या पायरीवर थांबायचं, त्याला म्हणायचं जागावस्था. सगळ्यात खालची एकल अवस्था. डोळे उघडलेत, पण बोलणार फक्त उशाशी बसलेल्या माणसाशी. दारं नाहीत, दिवे नाहीत, कुणाची हाक ऐकणार नाही. तू कोण, असंही विचारत नाही. उशाशी आहेस म्हणजे घरचीच असणार. मोठी दुरुस्ती त्या अवस्थेत करतात. त्याच्या वर कामाची अवस्था. हवा, पाणी, दारं, सगळं चालू. बाई आत्ता त्याच अवस्थेत आहे. आणि शिवाय एखाद्या कारणासाठी कुणी मुद्दाम घडवलेल्या अवस्था असतात, त्या निराळ्या."

"मग झालं की. आत्ता कामाच्या अवस्थेत आहे, उठेल कामाच्या अवस्थेत."

"इथंच सगळे फसतात! अगं, आत्ता अंगावर नेसलेलं लुगडं वेगळं, आणि उद्या उठून नेसायला खुंटीवर काढून ठेवलेलं वेगळं. बाईला मी सांगितलं, अवस्था बदल, तर ती अंगावरचं बदलते. खुंटीला हात लावत नाही. खुंटीवरचं बदलायचं तर ते निराळं सांगायला लागतं. आणि झोपून उठली, की काल अंगावर काय होतं ते तिला आठवत नाही. खुंटीवर जे असेल ते नेसते आणि कामाला लागते."

"मग खुंटीवर काय आहे ते बघ."

"बघायचं तरी मूळपेटीसमोर उभं राहून आणि बदलायचं तरी तिथूनच. पृथ्वीवरनं कुणी बसल्या जागी उचापती करू नयेत म्हणून ती खुंटी भिंतीतल्या पेटीत ठेवलीय."

"मग उघड पेटी."

"पेटीवर दगड आहे."

हे ऐकून रेहाना एवढी हसली की तिला नळीचा आधार घ्यावा लागला. तो दगड वस्तीत सगळ्यांना माहीत होता.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "एक मात्र ऐक. बंद करशील तेव्हा मला आधी सांग. माझं हे शेवाळ दिसतं तसं गरीब नाही. उजेड असला की प्राणवायू देतं. अंधार झाला की तेच प्राणवायू खायला लागतं. दार उघडं असेल, वारा फिरत असेल तर कळतही नाही. पण दार बंद आणि दिवे बंद झाले, तर या खोलीत माणसानं थांबू नये. हे सगळं मिळून एकट्या माणसाला घटकाभरात पुरून उरेल."

"सांगीन," उत्पला म्हणाली, आणि दिवा बघायला गेली.

आता त्या दगडाचं. वस्तीचं उद्घाटन झालं तेव्हा काळ्या दगडाची कोनशिला पृथ्वीवरून चंद्रावर आणली होती. चंद्रावर दगड पाठवायचा म्हणजे समुद्राला मीठ नेऊन द्यायचं! ज्या यानात माणसांचे जास्तीचे कपडे घेऊ दिले नाहीत, त्या यानात हा दगड ऐसपैस झोपून आला. सभागृहात मानाची भिंत एकच, आणि तिच्या मधोमध मूळपेटी. उद्घाटनाचा बार उडाल्यावर त्याच संध्याकाळी कोनशिला तिथं चिकटवली. असा डिंक वापरला की एक वेळ भिंत निघेल, दगड निघणार नाही.

दगडावर वरती मोठ्या अक्षरांत प्रमुख पाहुणे आबासाहेब ढोणे यांचं नाव होतं. आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, व्यवस्थापक हणमंत बिडवे यांचं.

बिडवेसाहेब माणूस वाईट नव्हता. फक्त समारंभाचा भुकेला होता. स्वच्छतागृहाचं दार बदललं तेव्हा त्यांनी फीत कापली होती. त्यांच्या पडद्यावर समारंभाचं एक पान होतं. त्यात पाहुण्याचं नाव घालायचं, पाहुण्याच्या हाताचा ठसा घ्यायचा, सनई हवी की तुतारी ते ठरवायचं. कुणी पाहुणा आता इथवर येत नव्हता, पण साहेब ते पान उघडून बसायचे आणि बारीक आवाजात सनई ऐकायचे.

उत्पला गेली तेव्हा सनईच चालली होती.

"साहेब, कोनशिला काढायला लागेल."

"काढतात का कधी कोनशिला, उत्पलाताई? बसवतात."

"पेटी बघितल्याशिवाय बाईला बंद करता येत नाही, आणि बंद केल्याशिवाय पाटी बदलता येत नाही."

"अकरा वर्षं एकदाही बंद पडली नाही आपली पाटलीण. याला व्यवस्था म्हणतात. कौतुक करायचं सोडून तुम्ही तिच्या मागे लागलाय."

उत्पला उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. "माझे बाबा बंदरात आले तरी होडीचं इंजिन बंद करायचे नाहीत. लोक म्हणायचे, काय इंजिन आहे, थांबतच नाही! बाबांना एकट्यांना माहीत होतं, बंद केलं तर परत चालू होणार नाही ते. त्याला चांगलं इंजिन नाही म्हणत, साहेब."

"गोठणकरांना विचारा ना, काय ठेवलंय त्या खुंटीवर."

"विचारलं. म्हणाले, चांगलंच काहीतरी ठेवलं असणार, आता आठवत नाही, इकडं आंबे सुरू झालेत."

साहेबांनी सनई बंद केली. विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. "असं करू. काढायचीच तर रीतसर काढू. पृथ्वीवरून कुणीतरी पाहुणे बोलावू. कोनशिला-उत्थापन सोहळा! पुढच्या यानानं..."

पुढचं यान यायला अवकाश होता. उत्पला दाराबाहेर पडली ती धावतच. यंत्राच्या खोलीचं दार तिनं उघडलं, आणि पिवळा दिवा तिच्या डोळ्यांदेखत लाल झाला.

पाटलीणबाई पडली तेव्हा आवाज झाला नाही. आवाज थांबला. अकरा वर्षं वस्तीत हवेच्या पंख्यांची एक घरघर होती. ती इतकी सवयीची झाली होती की ती थांबली तेव्हाच लोकांना कळलं, अरे, असा आवाज होता होय! सगळीकडे काळोख. कुणीतरी ओरडलं. कुणाच्या तरी हातातून थाळी सुटली आणि चंद्रावर सगळं पडतं तशी सावकाश, बऱ्याच वेळानं जमिनीवर वाजली.

पडली की आपली आपण उठायचं, ही बाईला शिकवण होती. बाई उठली.

आधी सनई लागली. मग सभागृहात रंगीबेरंगी दिवे लागले. छताच्या फवाऱ्यांतून गुलाबपाणी उडालं, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी ते गुलाबपाणी असावं, आता त्याला गंजक्या लोखंडाचा वास होता. वस्तीतली बाकीची दारं एकामागून एक धाडधाड बंद झाली आणि सभागृहाचं तेवढं सताड उघडलं. आणि पाटलीणबाई, जी कालपर्यंत नळावरून भांडायची, ती मधाळ आवाजात म्हणाली, "सर्वांचं सहर्ष स्वागत! आदरणीय आबासाहेब ढोणे यांनी मंचावर येऊन कळ दाबावी आणि घागर वस्तीचा प्राण चालू करावा, अशी विनंती."

पंख्यांची घरघर काही आली नाही.

"गोठणकर, गोठणकर," उत्पला कपाळावर हात मारत म्हणाली. तिला सगळं एका क्षणात कळलं. उद्घाटनाच्या दिवशी सगळी मंडळी बाहेर उभ्या असलेल्या यानातूनच नळीनं हवा घेत होती. वस्तीची हवा पाहुण्यानं कळ दाबल्यावरच सुरू करायची, म्हणजे टाळ्या मोठ्या पडतात. त्यासाठी गोठणकरांनी एक खास समारंभ-अवस्था घडवली, आणि बाईनं उठल्या उठल्या तीच नेसावी म्हणून खुंटीवर अडकवली. सोहळा झाला, बाईच्या अंगावर कामाचं लुगडं आलं, सगळे जेवायला गेले. खुंटीवर शालू तसाच राहिला. आणि वर दगड बसला.

दारं मिटताना जे बाहेर बोळात होते ते सभागृहाकडे धावत होते. उत्पला उलटीकडे धावली, शेवाळघराच्या दाराशी. दार हवाबंद मिटलेलं. उद्घाटनाला पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून समारंभ-अवस्थेत हेच दार सगळ्यात घट्ट बंद व्हायचं होतं. बाहेर निर्वात पोकळी झाली तरी टिकेल असं दार. ते फोडायची गोष्टच नको.

दाराशेजारी एक बोलनळी होती. साधी पोकळ नळी, होडीवर असते तशी. वीज लागत नाही म्हणून उत्पलानं हट्टानं बसवून घेतलेली.

"रेहाना!"

"आहे." नळीतून आवाज आला. "दिवे गेले. दार लागलं. आणि सनई कसली वाजतेय गं? लग्न कुणाचं?"

"बोलू नकोस. खाली पडून राहा. मी येते."

"सांगीन म्हणाली होतीस," रेहाना म्हणाली.

उत्पला सभागृहाकडे सुटली.

मंचावरच्या खांबावर पितळेची कळ होती. बिडवेसाहेबांनी तिच्यावर तळहात दाबून धरला होता आणि पाटलीणबाई म्हणत होती, "कृपया मागे सरावं. पाहुण्यांना वाट द्यावी."

"माझा हात का घेत नाही ही?"

"आबासाहेबांचाच हात लागतो," उत्पला धापा टाकत म्हणाली. वस्तीतला हा प्रसिद्ध किस्सा होता. उद्घाटनाला दोन पुढारी आले होते, मान कुणाचा यावरून दोघांत जुंपली, आणि दुसऱ्यानं आधी धावत जाऊन कळ दाबू नये म्हणून ती आबासाहेबांच्या हाताच्या ठशावर बांधली होती.

"मग आबासाहेबांना कळवा कुणीतरी!"

"साहेब, आबासाहेब गेले. तीन वर्षं झाली. आपल्यापेक्षाही वर आहेत ते."

"अरेच्चा, हो. आपणच शोकसभा घेतली." साहेबांना दुसरं सुचलं. "माझ्या समारंभाच्या पानावरनं पाहुण्याचं नाव बदलतो!" ते सभागृहातल्या पडद्याकडे धावले आणि तसेच परत आले. सगळ्या पडद्यांवर झेंडूचा हार तेवढा दिसत होता. समारंभ-अवस्थेत बाई समारंभ सोडून कशालाच हात लावू देत नव्हती.

"दगड," उत्पला म्हणाली.

"ताई..."

"आत रेहाना आहे. शेवाळ तिची हवा खातंय."

साहेबांनी दगडाकडे बघितलं, वरच्या नावाकडे, मग तळाच्या बारीक अक्षरांकडे. आणि बाजूला सरले.

फोडायचं कशानं? हत्यारांच्या खोलीचं दार बंद झालेलं. सभागृहात खुर्च्या होत्या, कागदी फुलं होती, आणि उद्घाटनासाठी दगडासोबतच आलेली पितळेची समई होती. पुरुषभर उंचीची, भरीव. हवाबंद वस्तीत ज्योत पेटवायची सोय नाही म्हणून तिच्यात बारीक दिवे बसवले होते. उत्पलानं ती आडवी उचलली. चंद्रावर वस्तूचं वजन कमी भरतं, पण तिचा मार काही कमी होत नाही. तिनं समईचा तळ दगडावर हाणला. ठण्ण! दगड जागच्या जागी, आणि उत्पला उलटी उडून खुर्च्यांत जाऊन पडली. मार दगडाला लागतो तेवढाच मारणाऱ्यालाही लागतो, आणि पाय रोवायला इथं वजनच नव्हतं.

"माझ्या पाठीला पाठ लावा," बिडवेसाहेब म्हणाले. त्यांनी खांबाला पाय टेकवले आणि पाठ दिली. दुसरा घाव. तिसरा. दगडाची कपची उडाली, आबासाहेबांचं आडनाव गेलं. सनई वाजतच होती. पाटलीणबाई मधेमधे म्हणत होती, "पाहुण्यांचं आगमन लवकरच होत आहे. रसिकांनी शांत राहावं."

उत्पलाचे हात भरून आले. तिनं समई खाली टेकवली तेव्हा साहेबांनी ती तिच्या हातातून घेतली. "तुम्ही टेकू द्या आता." आणि ज्या माणसानं आयुष्यात कात्रीपेक्षा जड काही उचललं नव्हतं, त्यानं समई अशी हाणली की दगड तळापासून वरपर्यंत तडकला. पहिला तुकडा पडला तो त्यांच्याच नावाचा.

मागं मूळपेटी होती. धूळ नाही, गंज नाही, कालच बंद केल्यासारखी.

"बोलनळीशी कुणीतरी उभं राहा, आणि रेहाना बोलतेय का सांगा!" उत्पला ओरडली.

"मघाशी बोलत होत्या," शेवाळघराच्या दाराकडून उत्तर आलं. "आता काही ऐकू येत नाही."

उत्पलानं पेटीतली लोखंडी कळ दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं मुख्य खटका ओढला. ती कळ दाबलेली असली की बाई खुंटीकडे न बघता एकल अवस्थेत उठते. सनई मधेच तुटली. काळोख. खटका परत वर. आणि पाटलीणबाई पुन्हा उठली, पण आता दिवे नाहीत, गुलाबपाणी नाही, आवाज नाही. पेटीतल्या छोट्या पट्टीवर तेवढी एक हिरवी खूण उघडझाप करायला लागली. एकल अवस्था. बाई डोळे उघडून उशाशी बसलेल्या माणसाकडे बघत होती. तू कोण, असं तिनं विचारलं नाही.

"नळीतून काहीच येत नाही हो!" पुन्हा दाराकडून हाक आली.

उत्पलानं पट्टीखालच्या कळांवर बोटं टेकवली. तिनं हुकूम दिला: आता कामाच्या अवस्थेत ये.

घरघर आली. आधी लांबून, मग जवळून, मग सगळीकडून. दिवे लागले. दारं उघडली. पेटीचं झाकण उघडंच टाकून उत्पला धावत सुटली.

रेहाना शेवाळघराच्या जमिनीवर पडली होती, ओठ निळसर, डोळे मिटलेले. उत्पलानं तिला बाहेर ओढलं, पंख्याखाली धरलं, गालावर चापट्या मारल्या. बऱ्याच वेळानं रेहानानं एक डोळा उघडला.

"लागलं का लग्न?" ती म्हणाली.

शेवाळ अर्धंअधिक पांढरं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी अंथरुणातूनच रेहानानं बजावलं, "आता काही दिवस माझ्या दिव्यांना हात लावायचा नाही. हे परत हिरवं होऊ दे, मग खुशाल बंद कर तुझ्या बाईला आणि बदल तुझी पाटी." उत्पलानं ऐकलं. पाटलीणबाई उरलेल्या पाट्यांवर लंगडत चालली होती, पण चालली होती. आणि उत्पला, आल्यापासून पहिल्यांदाच, गाढ झोपली. उठल्यावरही तिला काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. गॅस बंद केला की नाही, तसं. चंद्रावर गॅस नव्हता, म्हणून तिनं ते मनावर घेतलं नाही.

बिडवेसाहेब मात्र झोपले नव्हते. सभागृहाच्या भिंतीला पडदा लागला आणि त्याच्या आड काहीबाही खुडबुड चालू झाली. एक दिवस ते काच घेऊन उत्पलाकडे आले. "ताई, यावर जरा हात ठेवा."

"कशाला?"

"ठेवा हो. सगळं विचारायचं नसतं."

तिनं ठेवला.

सत्काराला सगळी वस्ती जमली. रेहाना पहिल्या रांगेत, पायांवर पांघरूण घेऊन. उत्पलाला शाल मिळाली, ती जुन्या अंतराळपोशाखाच्या अस्तरातून शिवलेली. नारळ मिळाला, तो शेवाळाचा गोळा वाळवून केलेला, आणि शेंडी खरी वाटावी म्हणून तिला कुणीतरी आपले केस दिले होते. बिडवेसाहेब बोलायला उभे राहिले.

"ज्यांनी आपल्याला श्वास दिला, त्यांचं नाव आता या वस्तीत कायम राहील. ताई, कळ दाबा."

उत्पलानं खांबावरच्या पितळी कळीवर हात ठेवला. पडदा सरकला.

मागं कोनशिला होती. नवी. तीच भिंत, तीच मानाची जागा. वर मोठ्या अक्षरांत: प्रणालीप्रमुख उत्पला तांडेल.

"या खेपेला दगड पृथ्वीवरनं नाही आणला!" साहेब अभिमानानं म्हणाले. "इथल्याच मातीचा, भट्टीत भाजून केला. आधीच्या चौपट जाड. आता समईच काय, उल्का आली तरी हलणार नाही."

टाळ्या पडल्या. उत्पला खाली येऊन रेहानाजवळ बसली. पाय हलत नव्हते तिचे, म्हणून रेहानानंच विषय काढला.

"छान झालं गं. पण मला एक सांग. खुंटीवर आता कुठलं लुगडं आहे?"

"कामाचं," उत्पला म्हणाली. "मीच नाही का पेटीसमोर उभं राहून..."

ती थांबली. तिला पेटी दिसली, हिरवी खूण दिसली, कळांवरची स्वतःची बोटं दिसली. नळीतून काहीच येत नाही हो. एक हुकूम. एकच. आता कामाच्या अवस्थेत ये. आणि मग धावणं.

"अगं बाई," ती म्हणाली. "मी अंगावरचं बदललं."

रेहानानं तिच्याकडे बघितलं, मग त्या चौपट जाड दगडाकडे. आणि तेवढ्यात पंख्यांची घरघर थांबली.

काळोख झाला. या वेळी कुणी ओरडलं नाही. आता काय वाजणार ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते वाजायची वाट बघत सगळी वस्ती श्वास रोखून बसली.

तुतारी वाजली.

"सनई नाही?" अंधारात कुणीतरी कुजबुजलं.

"मी बदलली," बिडवेसाहेबांचा बारीक आवाज आला. "समारंभाच्या पानावर. म्हटलं, ताईंना तुतारी शोभेल."

रंगीत दिवे लागले. दारं धाडधाड मिटली, शेवाळघराचं सगळ्यात आधी. फवाऱ्यांतून गंजकं पाणी उडालं आणि उत्पलाची शाल भिजली. पाटलीणबाई मधाळ आवाजात म्हणाली, "सर्वांचं सहर्ष स्वागत! आदरणीय उत्पलाताई तांडेल यांनी मंचावर येऊन कळ दाबावी आणि घागर वस्तीचा प्राण चालू करावा, अशी विनंती."

सगळ्या माना उत्पलाकडे वळल्या.

"नाव... नावपण बदललं होतं मी," साहेब म्हणाले. "आणि हाताचा ठसा. अनावरणासाठी."

उत्पला उठली. खुर्च्यांमधून चालत मंचावर गेली. तिच्या चपलांचा तेवढा आवाज होत होता. पितळी कळीवर तिनं तळहात टेकवला आणि डोळे मिटून घेतले.

बाईनं क्षणभर विचार केला. मग घरघर आली. आधी लांबून, मग जवळून, मग सगळीकडून. दिवे पांढरे झाले, दारं उघडली, शेवाळघराचा तो वास आत आला आणि लोकांनी तो छाती भरून घेतला. टाळ्या अशा पडल्या की अकरा वर्षांपूर्वी आबासाहेबांनाही पडल्या नसतील. बिडवेसाहेब रडत होते.

"धन्यवाद," पाटलीणबाई म्हणाली. "आता प्रमुख पाहुण्या आपलं मनोगत व्यक्त करतील."

उत्पला वळली. समोर सगळी वस्ती, मागं भिंतीवर तिचं नाव, नावामागं पेटी, आणि पेटीत खुंटीवर अजून तोच शालू. ओल्या शालीचा तिनं कमरेला घट्ट पदर खोचला.

"समई आणा," ती म्हणाली.